‘७/१२’ नावाची फाइल सेव्ह का होत नाही? फाइलच्या नावातली आणि मजकुरातली अवघड चिन्हं

सातबाराचा स्कॅन उघडा, ‘सेव्ह ॲज’ करा आणि नाव टाका: ‘७/१२ मौजे कावेसर’. विंडोज ते नाव घेत नाही. वाशी-नेरूळकडे सिडकोने बांधलेल्या जुन्या घरांचे क्रमांक ‘बी-६/१४/०:२’ अशा धर्तीचे असतात. ते नाव तर दोन वेगवेगळ्या चिन्हांपाशी अडतं. ‘स.नं. ४५/२/अ’, ‘दि. १५/०८/२०२४’, ‘इतिवृत्त: अंतिम?’ हे सगळं आपण कागदावर वर्षानुवर्षं बिनदिक्कत लिहीत आलो. तेच फाइलच्या नावात आलं की कुठे ना कुठे अडतं.

सोसायटीचं सचिवपद नुकतंच अंगावर आलेले, कार्यालयात नव्याने रुजू झालेले, मंडळाचं किंवा वाचनालयाचं दप्तर कॉम्प्युटरवर आणायला निघालेले, अशांसाठी हे लिहितोय. अडचण आली की बरेच जण एकच उपाय करतात: मराठी सोडून देतात. फाइलींना ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’, ‘न्यू फोल्डर’ अशी नावं पडतात आणि दोन वर्षांनी डीम्ड कन्व्हेयन्सच्या (बिल्डर सहकार्य करत नसताना जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या) अर्जासाठी कागद शोधायची वेळ आली की कोणालाच काही सापडत नाही. मराठी सोडायची गरज नाही. काही चिन्हं सांभाळली की मराठी नावं उत्तम चालतात.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॉम्प्युटर अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचा संकेतांक बघतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक अक्षर, मात्रा आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीच्या मुख्य तक्त्यात अशा १२८ जागा आहेत. विसर्ग आणि अपूर्णविराम आपल्या डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात, पण त्यांचे क्रमांक वेगळे, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं. दिसतं तसं नसतं, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

पहिली पायरी: विंडोजला न चालणारी नऊ चिन्हं

फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात विंडोज ही चिन्हं घेत नाही: दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा ( / आणि \ ), अपूर्णविराम ( : ), तारका ( * ), प्रश्नचिन्ह ( ? ), सरळ दुहेरी अवतरणचिन्ह ( " ), उभी रेघ ( | ) आणि गणितातली ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठं’ ही दोन टोकदार चिन्हं. कारण साधं आहे. यांतल्या प्रत्येकाला कॉम्प्युटरने आधीच काम दिलेलं आहे. तिरकी रेघ एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात जाण्याची खूण आहे, अपूर्णविराम ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हच्या नावापुढे लागतो, तारका आणि प्रश्नचिन्ह शोधताना ‘इथे काहीही चालेल’ असं सांगायला वापरतात. ‘७/१२’ लिहिलंत की कॉम्प्युटरला वाटतं, ‘७’ नावाच्या फोल्डरातली ‘१२’ नावाची फाइल हवी आहे.

तिरक्या रेघेच्या जागी जोडरेघ घ्या: ‘७-१२’, ‘सनं-४५-२-अ’, ‘बी-६-१४-०-२’. सातबारासाठी मी सरळ ‘सातबारा’ असं अक्षरी लिहितो. तोंडीही आपण तसंच म्हणतो, आणि शोधतानाही तेच डोक्यात येतं.

तारखेच्या रेघा काढताना तिचा क्रमही बदला. ‘१५-०८-२०२४’ऐवजी ‘२०२४-०८-१५’ लिहा आणि तारीख नावाच्या सुरुवातीला ठेवा. नावं क्रमाने लावली की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतल्या १५ तारखा एका जागी गोळा होतात. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय तुम्ही उतरवून घेतले असतील, तर त्यांचा लांबलचक संगणक संकेतांक वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने सुरू होतो हे दिसलं असेल. एक आकडी महिन्याआधी शून्य लावायला विसरू नका. सेक्टर आणि सदनिकांच्या क्रमांकांनाही तोच नियम: ‘सेक्टर-०९’, ‘सेक्टर-१९’.

आकडे देवनागरी की इंग्रजी, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच यांचे संकेतांक वेगळे आहेत. अर्ध्या फाइली एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने लिहिल्या तर क्रमही बिघडतो आणि शोधही.

आता टिंबाकडे वळू. आपल्या लिखाणात संक्षेप फार: क्र., दि., सौ., ठाणे प., चौ.मी. नावाच्या मध्ये टिंब चालतं. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा आली तर विंडोज ती गुपचूप काढून टाकतं. फोल्डरला ‘ठाणे प.’ नाव दिलंत तर तिथे ‘ठाणे प’ एवढंच उरेल. तोच फोल्डर मॅकवर तयार होऊन तुमच्याकडे आला तर कधी कधी विंडोजवर तो उघडतही नाही आणि पुसलाही जात नाही. नावाच्या सुरुवातीलाही टिंब नको. मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर टिंबाने सुरू होणारी फाइल लपवलेली मानली जाते.

शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं फाइलचा प्रकार सांगतात: पीडीएफ, डॉकएक्स, जेपीजी वगैरे. विंडोज ती बहुतेक वेळा लपवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा म्हणजे ती दिसू लागतील. यात सुरक्षेचाही भाग आहे. ‘वीजबिल.पीडीएफ’ असं दिसणाऱ्या नावापुढे खरं तर आणखी एक टिंब आणि ‘ईएक्सई’ असू शकतं. तो कागद नसून प्रोग्रॅम असतो, आणि तो उघडायचा नाही.

काही शब्दही राखीव आहेत. इंग्रजीत सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल आणि सीओएम किंवा एलपीटीपुढे १ ते ९ आकडा, ही नावं विंडोज घेत नाही. ती जुन्या काळापासून प्रिंटर-पोर्टसारख्या उपकरणांसाठी ठेवलेली आहेत. मराठी नावं देणाऱ्याला याचा त्रास नाही.

‘पण माझ्या फोनवर तर चालतं!’ हे हमखास ऐकू येतं. खरं आहे, प्रत्येक यंत्रणेचे नियम वेगळे असतात. लिनक्समध्ये तिरकी रेघ सोडली तर जवळपास काहीही चालतं. मॅक अपूर्णविराम अडवतो पण फाइंडरमध्ये (फाइली दाखवणाऱ्या खिडकीत) तिरकी रेघ लिहू देतो. गूगल ड्राइव्हमध्ये ‘७/१२’ हे नाव बिनतक्रार बसतं, मात्र फाइल उतरवून घेताना रेघेच्या जागी अधोरेषा ( _ ) येते. कागद एका जागी राहत नाही, हीच मेख आहे. तो अध्यक्षांच्या फोनवरून कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर, तिथून पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवरून नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. वाटेतल्या सगळ्यांत कडक ठिकाणाचा नियम पाळलात तर कुठेच अडत नाही, आणि आपल्याकडे ते ठिकाण म्हणजे विंडोज.

यात एक भर घालायला हवी. टक्के ( % ), पौंडाची जाळी ( # ), ॲम्परसँड ( & ) आणि अधिक ( + ) ही चिन्हं विंडोज घेतं, पण वेबच्या पत्त्यात त्यांना वेगळी कामं आहेत. जाळीनंतरचा भाग तर पानातली एखादी जागा दाखवणारा मानला जातो, म्हणजे फाइलच्या नावाचा तेवढा तुकडा तोडलाच जातो. नवी मुंबईत ‘१२.५% योजना’ नावाचा फोल्डर कितीतरी घरांत असेल. त्याला ‘साडेबारा टक्के योजना’ म्हणा. बोलताना आपण तेच म्हणतो.

दुसरी पायरी: खास मराठीतले सापळे

आतापर्यंतचं कुठल्याही भाषेच्या माणसाला लागू आहे. आता जे सांगतोय ते इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, आणि आपला खरा वेळ इथेच जातो.

विसर्ग आणि अपूर्णविराम. ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘पुन:’, ‘अंत:करण’ हे शब्द टाइप करताना असंख्य लोक विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देतात. छापून आल्यावर फरक कळत नाही, म्हणून सवय सुटत नाही. पण ‘स्वत:चे घोषणापत्र’ हे नाव विंडोज नाकारतं आणि ‘स्वतःचे घोषणापत्र’ विनातक्रार घेतं. दस्तऐवजाच्या आतही अपूर्णविरामामुळे शब्द दोन तुकड्यांत मोडतो. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम अडखळतो आणि ओळ संपत आली की शब्द भलत्या जागी तुटू शकतो. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग शिफ्ट आणि जोडरेघेच्या कळीवर आहे. तो एकदा बोटांना सवयीचा झाला की प्रश्न मिटला.

दंड आणि उभी रेघ. पत्रिकेच्या माथ्यावरचं ‘॥ श्री ॥’ काही जण उभी रेघ चार वेळा दाबून करतात. देवनागरीत दंड ( । ) आणि दुहेरी दंड ( ॥ ) ही स्वतंत्र चिन्हं आहेत. ती फाइलच्या नावातही चालतात. उभी रेघ चालत नाही.

‘ॲ’चे तीन अवतार. ‘ॲप’, ‘ॲड.’, ‘ॲग्रीमेंट’ हे शब्द सोसायटीच्या दप्तरात सतत येतात. मराठीचा स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्राची मात्रा जोडून काम भागवत होते, आणि आजही बरेच कळफलक तसंच करतात. कधी त्या दोघांच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही असतं. शिवाय ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’ हा आणखी वेगळा संकेतांक. डोळ्यांना पहिले दोन अगदी एकसारखे दिसतात. तुम्ही एका प्रकाराने लिहिलेलं ‘ॲग्रीमेंट’ दुसऱ्या प्रकाराने शोधलंत तर ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येऊ शकतं, आणि फाइल मात्र डोळ्यांसमोर असते. कार्यालयातल्या सगळ्यांनी मिळून एकच ‘ॲ’ ठरवावा. तो एक संकेतांकाचा, म्हणजे ०९७२ क्रमांकाचा असावा असं माझं ठाम मत आहे.

आडव्या रेघेचा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी माणसाला सांगायला नको. हा अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत मराठीचा स्वतंत्र ‘ऱ’, त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मग ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘य’. दोन्ही पडद्यावर एकसारखे उमटतात. सभासदांच्या यादीत एका तक्त्यात ‘कऱ्हाडकर’ एका रीतीने आणि दुसऱ्या तक्त्यात दुसऱ्या रीतीने असेल, तर एक्सेलचं ‘व्हीलुकअप’ (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद आणणारं सूत्र) त्या सभासदाची थकबाकी आणून देणार नाही. पहिली रीत धरा. तिच्यात अदृश्य काही नाही. इनस्क्रिप्टवर ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो.

या अदृश्य चिन्हांबद्दल आणखी थोडं. युनिकोडमध्ये एक शून्य रुंदीचं जोडचिन्ह आहे आणि एक शून्य रुंदीचं तोडचिन्ह. जोडाक्षर कसं दिसावं हे ठरवायला ती आहेत, आणि मजकुरात योग्य जागी वापरली तर उपयोगाची आहेत. पण व्हॉट्सॲपवरून किंवा वेबवरून नाव उचलून फाइलला चिकटवलं की ती नकळत बरोबर येतात. एकाच फोल्डरात हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर समजा, एकीत काहीतरी लपलेलं आहे. दोन्ही उघडून आतला मजकूर बघा, ठेवायची ती ठेवा आणि तिचं नाव पुसून हाताने पुन्हा टाइप करा.

वर्डमधली तपासणीची कळ

अक्षर नेमकं कोणतं आहे हे ओळखायचा सोपा उपाय वर्डमध्येच आहे, आणि नवशिक्या माणसाने तो पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावा. विंडोजवरच्या वर्डमध्ये संशयित चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि आल्ट धरून एक्स दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा संकेतांक उमटतो. विसर्ग असेल तर ०९०३ येईल. अपूर्णविराम असेल तर ००३ आणि पुढे इंग्रजी ए. पुन्हा तीच कळ दाबली की चिन्ह परत येतं.

उलटही करता येतं. संकेतांक इंग्रजी आकड्यांत टाइप करून आल्ट-एक्स दाबा: ०९७२ दिला की ‘ॲ’, ०९३१ दिला की ‘ऱ’, ०९६५ दिला की ‘॥’. कळफलकावर जागा आठवत नसेल तेव्हा हे फार कामी येतं. तयार झालेलं अक्षर तिथून कॉपी करून फाइलच्या नावात चिकटवता येतं.

जुन्या दस्तऐवजांतले विसर्ग दुरुस्त करायचे असतील तर ‘फाइंड ॲण्ड रिप्लेस’ घ्या, पण ‘रिप्लेस ऑल’ दाबू नका. ‘विषय:’, ‘दिनांक:’, ‘वेळ १०:३०’ यांतले अपूर्णविराम खरेखुरे आहेत, त्यांचे विसर्ग होतील. ‘स्वत:’ हा पूर्ण शब्द शोधून ‘स्वतः’ करा, मग ‘दु:ख’, मग ‘पुन:’. शब्द मोजकेच आहेत.

तिसरी पायरी: नावाची लांबी

विंडोजवर एका नावात २५५ वर्ण बसतात, पण ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा अख्खा पत्ता साधारणपणे २६० वर्णांच्या आत असावा लागतो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि प्रत्येकाला ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व उपस्थिती पत्रक’ असं नाव दिलं की ही मर्यादा लवकर गाठली जाते.

फोनवर हिशेब वेगळा आहे. अँड्रॉइड आणि लिनक्समध्ये मर्यादा २५५ बाइटची असते (बाइट म्हणजे साठवणीचं एकक). इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीची प्रत्येक खूण तीन. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकाची मोजणी वेगळी होते. ‘ठाणे’ दिसायला दोन अक्षरं, मोजायला चार खुणा, म्हणजे १२ बाइट. ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरं, मोजायला सात खुणा, म्हणजे २१ बाइट. टिंब आणि पीडीएफची तीन इंग्रजी अक्षरं वजा केली की मराठी नावाला जेमतेम ८३ खुणा उरतात. डोळ्यांना दिसणारी ३०-३५ अक्षरं हा अंदाज धरून चाला.

लिंकमध्ये तर प्रकरण आणखी लांबतं. वेबच्या पत्त्यात मराठी नाव गेलं की प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासह तीन वर्णांत मांडणी होते. ‘ठाणे’ या चार खुणांचे ३६ वर्ण होतात. गटावर पाठवलेली लिंक अर्धं पान व्यापते आणि मध्येच तुटते, ती याचमुळे.

म्हणून माझी पद्धत अशी: दप्तरातली मूळ फाइल मराठी नावाने ठेवायची, आणि एखाद्या संकेतस्थळावर चढवायची असेल तर तिची प्रत काढून त्या प्रतीला लहानसं इंग्रजी नाव द्यायचं, फक्त अक्षरं, आकडे आणि अधोरेषा वापरून. ऑनलाइन अर्जांची बरीच संकेतस्थळं एवढंच स्वीकारतात, आणि अनेकदा मोकळी जागाही नाकारतात. चढवण्याच्या प्रती वेगळ्या फोल्डरात ठेवा. काम झालं की तो फोल्डर रिकामा करायला हरकत नाही. मूळ दप्तर मराठीच राहतं, आणि पुढच्या सचिवाला ‘मालमत्ता पत्रक’, ‘इंडेक्स २’, ‘भोगवटा प्रमाणपत्र’ अशी नावं वाचूनच कागद ओळखता येतात.

चौथी पायरी: दस्तऐवजाच्या आतली चिन्हं

रुपयाचं चिन्ह ( ₹ ) सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही. विंडोजवर इंग्रजी (इंडिया) कळफलक निवडून उजवी आल्ट आणि ४ दाबा. किंवा विंडोजची कळ आणि टिंब एकत्र दाबलं की इमोजींचा चौकोन उघडतो, त्यातल्या चिन्हांच्या भागात चलनं सापडतात. ‘₹’ आणि रक्कम, ‘क्र.’ आणि आकडा यांच्यात वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबून न तुटणारी मोकळी जागा द्या. मग ओळीच्या टोकाला चिन्ह आणि पुढच्या ओळीत रक्कम असं होत नाही. हिशेबाच्या पत्रात ते फार वाईट दिसतं.

वर्डची स्वतःहून दुरुस्ती करायची सवय कायदेशीर मसुद्यात महागात पडते. इंग्रजी कलमांत कंसातल्या सीचं कॉपीराइटचं चिन्ह होतं, सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात, जोडरेघेची लांब रेघ होते. बदल झाला त्याच क्षणी कंट्रोल-झेड दाबलं की तेवढाच मागे येतो. कायमचं बंद करायचं असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ या वाटेने जा. वर्डमधून शीर्षक उचलून फाइलला नाव देता तेव्हा ही लांब रेघ आणि वळणदार अवतरणं नावातही येतात. विंडोज ती घेतं, पण नंतर तुम्ही साधी जोडरेघ टाइप करून शोधाल आणि फाइल सापडणार नाही.

मजकूर बिघडून आला तर

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हे रोजचं आहे. उपविधींची जुनी प्रत कोणीतरी मेलवर पाठवतं, उघडली की भलतंच काही दिसतं, आणि लोक ‘फाइल करप्ट आहे’ म्हणून पुसून टाकतात. थांबा. बिघाड कोणत्या तऱ्हेचा आहे ते आधी बघा, कारण बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो.

रिकामे चौकोन दिसत असतील तर अडचण फक्त फॉन्ट नसण्याची आहे. मजकूर निवडून त्याला विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय, नाहीतर नोटो, मुक्ता असा कोणताही युनिकोड देवनागरी फॉन्ट द्या.

साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं अर्थहीनपणे पसरलेली दिसत असतील, तर मजकूर बहुधा श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, आकृती अशा युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला आहे. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव दिसतं ते टिपून घ्या. रूपांतर करणारा प्रोग्रॅम निवडताना तेच नाव लागतं, कारण प्रत्येक फॉन्टात अक्षरांच्या जागा वेगळ्या आहेत. रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून वाचा. रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’, जोडाक्षरं आणि आकडे यांत चुका राहतात. उपविधीत कलमाचा आकडा चुकला तर पुढे भांडणं होतात, म्हणून हे वाचन टाळू नका.

चलनाची ( ¤ ) किंवा येनची ( ¥ ) खूण आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो युनिकोड मजकूरच आहे, पण चुकीच्या सांकेतिक पद्धतीने वाचला गेलाय. देवनागरीच्या एका खुणेचे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून दाखवले जात आहेत. सभासदांची सीएसव्ही यादी (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की हे घडतं. ती तशी उघडू नका. रिकामं एक्सेल उघडा, ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा (यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवायची पद्धत). नावं जशीच्या तशी येतात. एक्सेलमधून सीएसव्ही बाहेर काढताना प्रकारांच्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय आहे, तोच घ्या.

सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र मजकूर गेला. मराठी सामावू न शकणाऱ्या पद्धतीत कोणीतरी तो सेव्ह केला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह कायमचं लिहिलं गेलं. ज्याने पाठवली त्याच्याकडून मूळ प्रत मागा. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ या युनिकोड नसलेल्या पर्यायाने सेव्ह केलं की हेच व्हायचं. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये नोटपॅड मुळातच यूटीएफ-८ वापरतं, पण जुनं मशीन असेल तर सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’चा रकाना बघायची सवय ठेवा.

ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर टाइप करणाऱ्याची चूक: मात्रेला अक्षर नाही. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून नवशिके ती आधी टाइप करतात. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी.

आणि पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून वापरायचा मोह आवरा. पीडीएफ पानाचं रूप जपतं, अक्षरांचा क्रम नेहमी नाही. वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. ज्या वर्ड फाइलपासून पीडीएफ केली ती सोबत ठेवा.

शेवटची पायरी: आधीच साचलेल्या फाइली

नवी नावं नीट पडू लागली की जुन्यांकडे वळा. आधी अख्ख्या फोल्डराची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढा. झिप (अनेक फाइलींची एकच आटोपशीर फाइल) करणार असाल तर नंतर उघडून नावं तपासा. विंडोज ७ किंवा त्याआधीचं झिप मराठी नावं घ्यायलाच तयार नसे, आणि वेगळ्या प्रोग्रॅमने केलेलं झिप उघडताना नावं बिघडू शकतात. शंका असेल तर सेव्हन-झिप वापरा, ते फुकट आहे.

मोठ्या संख्येने नावं बदलायला मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉईजमधलं ‘पॉवररिनेम’ चांगलं. फाइली निवडायच्या, काय शोधायचं आणि त्याजागी काय ठेवायचं ते लिहायचं, आणि बदल करण्याआधी नवी नावं शेजारच्या रकान्यात वाचून घ्यायची. एका वेळी एकच बदल करा: आधी ‘ॲ’ एकसारखा, मग ‘ऱ्य’, मग तारखा. तारखांचा क्रम उलटवणं आपोआप जमेलच असं नाही. तिथे महत्त्वाचे कागद, म्हणजे दस्त, सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल, हाताने नीट करा आणि बाकीचे जसे आहेत तसे राहू द्या.

नाव बदललं की त्या फाइलकडे नेणाऱ्या लिंक तुटतात. कागदांची यादी एक्सेलमध्ये केली असेल आणि तिच्यात लिंक दिल्या असतील, तर बदल संपल्यावर प्रत्येक लिंक एकदा दाबून बघा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलचं नाव तिथल्या तिथे बदललं तर वाटलेली लिंक चालू राहते, पण जुनी पुसून नव्या नावाची पुन्हा चढवली तर सभासदांना नवी लिंक पाठवावी लागते.